शिवप्रियाचे चालते दगड

माणिकप्पांची लेक शिवप्रिया दिसायला गरीब गाय. तिच्या वाटेला जाऊ नका, एवढं मी लोहाऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कृष्णराज सरांनाच तेवढं सांगायचं राहिलं. मुद्दाम राहिलं, असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

स्टँडमागं सरांचा कंप्युटरचा क्लास. शिवप्रिया तिथं पोरांना प्रोग्रामिंग शिकवायची. तिनं स्क्रीनवर चौकटी-चौकटींचं एक माळरान केलं होतं. त्यात शेळीचा एक क्लास, गवताचा एक, दगडाचा एक; म्हणजे कोणत्या जातीनं कसं वागायचं ते लिहून ठेवलेलं. आणि सगळ्यांना मिळून एक इंटरफेस, म्हणजे करार: माळावर उभं राहायचं तर प्रत्येकाकडं ‘पाऊल’ नावाचं काम असलंच पाहिजे. माळानं हाक मारली की शेळी सरकणार, गवत वाढणार, दगड बसून राहणार. आत काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

गेल्या साली धाराशिवच्या प्रदर्शनात सरांनी हेच माळरान स्वतःच्या नावानं मांडलं. बक्षीस मिळालं. चौकात फ्लेक्स लागला, सर गॉगल घालून! शिवप्रियाचं नाव कोपऱ्यातसुद्धा न्हाय. ती रोज त्या फ्लेक्सखालून जायची आणि चकार शब्द काढायची न्हाय. मला तेव्हाच वास आला.

औंदा सर म्हणाले, "दगड नवा करून दे गं. जरा देखणा."

"देते की. पण सर, आत काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या."

"मला काय बघायचंय? इंटरफेस पाळलाय ना? मग झालं."

प्रदर्शनात हॉल गच्च. शंभर पावलं सगळं झ्याक चाललं. एकशे एकाव्याला दगड उठले आणि शेळ्यांना रेटत पार कोपऱ्यात घेऊन गेले.

परीक्षक गायत्रीबाईंनी विचारलं, "सर, दगड कसे चालतात हो?"

"त्ये... इंटरफेस..."

"दगडाचा क्लास उघडून दाखवा बरं."

उघडला. भल्या मोठ्या पडद्यावर, कोडच्या वर टीप: ‘हे सगळं माळरान शिवप्रिया माणिकप्पा हिनं लिहिलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर त्यानं ही ओळ पुसली असती.’

"मोठ्यानं वाचा की सर," मागून शिवप्रिया म्हणाली, "शेवटच्या रांगेला दिसत न्हाय."

आणि सरांनी वाचलं हो! घसा बसेस्तोवर.

आठवड्यानं सर तिच्या दारात. मी समोरच्या ओट्यावर होतोच, योगायोगानं.

"दोघांचं मिळून होतं, एवढंच म्हण पोरांसमोर. क्लास ओस पडला गं."

"म्हणते की. नुसता शेळीचा क्लास लिहून दाखवा. इथंच, माझ्यासमोर."

लॅपटॉप सरांपुढं सरकवून ती तुरीची डाळ निवडायला बसली. सरांनी ‘शेळी’ एवढं लिहिलं आणि थांबले. सूपभर डाळ निवडून झाली.

"चहा ठेवू, सर?"

"नको, निघतो मी."

"बसा की," शिवप्रियानं दुसरं सूप भरून घेतलं. "अजून पोतं आहे."