उंट मॉस्कोला पोहोचेपर्यंत

रशियात चहा हे पेय नाही, तो माणसाच्या आत्म्याकडे जाणारा रस्ता आहे. हे मला झूटरमेर या डच शहरातल्या आमच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या रशियन आजींनी सांगितलं. मी त्यांच्याकडे फक्त माझं पार्सल घ्यायला गेलो होतो. आपण घरी नसलो की कुरिअरवाला शेजाऱ्यांकडे ठेवून जातो, एवढंच आमचं नातं.

"आधी चहा," आजी म्हणाल्या. पार्सल त्यांच्या खुर्चीमागे होतं.

मला लेकीला पाळणाघरातून आणायचं होतं. ते साडेसहाला बंद होतं, आणि या देशात साडेसहा म्हणजे साडेसहाच. बायको कामासाठी आइंडहोव्हनला. पण एका चहाला असा कितीसा वेळ लागणार?

टेबलावर पोट सुटलेला सामोवर होता. त्याच्या डोक्यावर चिमुकली किटली, तीत चहाचा काळाकुट्ट अर्क. तो थोडासा ग्लासात, वर सामोवरमधलं उकळतं पाणी, वाटीत चेरीचा मुरांबा. चहा पूर्वी चीनहून मॉस्कोला उंटांवरून यायचा, आजी सांगू लागल्या. उंट मंगोलियातून निघाले तेव्हा पावणेसहा वाजले होते.

पुढ्यात आलेलं टाकायचं नाही, हे माझ्यावरचे संस्कार. मी ग्लास रिकामा केला. त्यांनी भरला. मी पुन्हा रिकामा केला, त्यांनी पुन्हा भरला. "नको" म्हटलं की "लाजू नका!" त्यांचा स्वतःचा ग्लास मात्र अजून पहिलाच होता. उंट सायबेरियाच्या बर्फात रखडले. मीही.

"जुन्या काळी व्यापाऱ्यांच्या घरी," त्या म्हणाल्या, "पाहुण्याला पुरे झालं की तो ग्लास बशीत पालथा घालायचा. तोवर यजमान ओततच राहणार."

मी ग्लास तिथल्या तिथे पालथा घातला. आजींचा चेहरा एकदम खुलला. पार्सल लगेच मिळालं.

सायकल हाणत पोहोचलो. लेक जाकीट घालून पायरीवर बसली होती, शेजारी पाळणाघराच्या ताई किल्ल्या हातात घेऊन उभ्या.

"बाबा, व्हेअर वेअर यू?"

"चहा पीत होतो."

तिने ते ताईंना डचमध्ये सांगितलं. ताई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजी लिफ्टमध्ये भेटल्या. "काल माझी फिजिओथेरपी चुकली. पाहुणा पीत असताना यजमानाने उठायचं नसतं, आणि तुम्ही काही थांबेचनात."

"तुमचा चहाच तसा होता," मी म्हणालो.

"असेल. मी कॉफी पिते."