नऊ शाली

सिंगापुरातल्या मराठी मंडळींत कुणाचा सत्कार ठरला की पहिला फोन निशिकांतराव बोडसांना जायचा. सत्कारमूर्तीला नंतर. शाल कुठून आणायची, तिची घडी कशी घालायची, नारळाची शेंडी देणाऱ्याकडे असावी की घेणाऱ्याकडे, फोटो निघायच्या आत पाहुण्यानं शाल काढून ठेवू नये म्हणून त्याच्या कानात काय सांगायचं, हे सगळं शास्त्र त्यांच्याकडे होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी हे काम हौसेनं केलं. स्वतः मात्र कधी स्टेजवर चढले नाहीत. "आम्ही आपले नारळवाले," असं म्हणत ते कडेला उभे राहायचे.

खरं कारण वेगळंच होतं. सत्कार म्हटला की परिचय आला, आणि परिचय म्हटला की जन्मापासून आजपर्यंत सगळं ओळीनं सांगणं आलं. निशिकांतरावांच्या ओळीत एक खड्डा होता. १९९६ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांना एचआयव्ही असल्याचं निदान झालं होतं. कुठून आणि कसा, हे त्यांनी बायकोला, सुचित्राला, सांगितलं. ते विचारायचा हक्क असलेली ती एकटीच. तिनं पंधरा दिवस अबोला धरला, आणि सोळाव्या दिवशी गोळ्यांचं वेळापत्रक लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तेव्हा दिवसाला अठरा गोळ्या असत. काही उपाशीपोटी, काही भरल्या पोटी, आणि काही अशा, की पोट उपाशी आहे की भरलेलं हे कळेनासंच व्हावं. आता रोज सकाळी एकच गोळी असते. सुचित्राला शेवटपर्यंत लागण झाली नाही. चार वर्षांपूर्वी ती हृदयविकारानं गेली. ज्यानं जायची तयारी केली होती तो मागे राहिला आणि जी त्याची काळजी घेत होती ती पुढे गेली, याबद्दल निशिकांतराव देवावर अजून चिडून आहेत.

त्यांची मुलगी अनघा हिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आता एकोणचाळीस वर्षांची, बँकेच्या कंप्लायन्स खात्यात, म्हणजे दुसऱ्यांवर संशय घ्यायचा पगार मिळवणारी. नवरा अमेय आणि आठ वर्षांची गार्गी यांच्यासह बुकित पंजांगला राहायची. निशिकांतराव हौगांगच्या फ्लॅटमध्ये एकटे. मार्चमध्ये ते बाथरूममध्ये घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलं, की वय झालंय, एवढी वर्षं औषधं खाऊन हाडं विरळ झालीत, आता एकटं राहायचं नाही. अनघाला त्यातलं 'वय झालंय' एवढंच कळलं, पण तिला तेवढं पुरलं. ती दर रविवारी म्हणायची, "बाबा, खोली रिकामी आहे. कधी येताय?"

निशिकांतरावांकडे नकारांची कमतरता नव्हती. बुकित पंजांगच्या त्या छोट्या एलआरटी गाडीत मला गरगरतं. तिकडची मासळी शिळी. हौगांगच्या कॉफी शॉपमधला माणूस न सांगता साखर कमी घालतो, तो तिकडे कुठे मिळणार? मुलीच्या घरात गोळी लपवायला जागा नसते, हे मात्र ते बोलत नसत. आणि त्याहून खालच्या तळाशी एक भीती होती. उद्या अनघाला कळलं तर ती तोंडानं काही म्हणणार नाही. पण गार्गी त्यांच्या गळ्यात पडायला धावली की "आजोबा दमलेत हं" म्हणून तिला हळूच मागे ओढेल. ते बघण्यापेक्षा बाथरूममध्ये पडणं परवडलं, असं त्यांचं मत होतं.

दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ते नोव्हेनाला एका गटात जात. तिथे सगळे यांच्यासारखेच, जुने मुरलेले. अंकल क्वेक, वय चौऱ्याहत्तर, टॅक्सी चालवून निवृत्त झालेले. मिसेस रोहाना, वय सहासष्ट, नवऱ्यासोबत शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या. एकूण नऊ जण असे, की ज्यांना निदान होऊन पंचवीस वर्षांहून जास्त झाली होती. गट चालवणारी एकता नावाची सोशल वर्कर एकदा म्हणाली, "या नऊ जणांसाठी काहीतरी करू या. केक कापू, सर्टिफिकेट देऊ."

निशिकांतरावांना ते झोंबलंच. सर्टिफिकेट तर पोहण्याच्या क्लासलाही मिळतं. माणूस साठीचा झाला की सत्कार, रिटायर झाला की सत्कार, मुलगी दहावी पास झाली की आईबापांचा सत्कार. आणि ही माणसं यमाच्या ऑफिसात नंबर लावून परत आली, पंचवीस-पंचवीस वर्षं गोळ्या गिळून रोज बस पकडतायत, त्यांना कागदाचा तुकडा?

"सत्कार करायचा तर रीतसर करू," ते एकताला म्हणाले. "शाल, नारळ, पेढे. माझ्यावर सोड."

"अंकल, नऊ शाली हां," एकता म्हणाली. "आठ नाही. मी तुम्हाला ओळखते."

ते हसले आणि टेक्का मार्केटला गेले. दोन दिवस शाली निवडण्यात घालवले. शेंडीवाले नारळ बघून घेतले, पेढ्यांची ऑर्डर दिली, आणि सगळं हौगांगच्या हॉलमध्ये सोफ्यावर मांडून एक यादी केली. कुणाला कोणता रंग, कार्यक्रम कुठे, किती वाजता.

गुरुवारी दुपारी अनघा अर्धी सुट्टी काढून डबा घेऊन आली. बाबा खाली फळं आणायला गेले होते. तिच्याकडे किल्ली होती. दार उघडलं तर समोर नऊ शाली, नऊ नारळ, पेढ्यांचे खोके आणि दाराला टांगलेला इस्त्रीचा सिल्कचा कुर्ता. यादीत पहिल्याच ओळीत बाबांचं सुंदर अक्षर: 'मिसेस रोहाना, फिकट हिरवी, त्यांना खुलून दिसेल.'

आता मराठी घरात वाढलेल्या कुणीही शाली, नारळ आणि पेढे एका सोफ्यावर पाहिले तर काय समजावं? अनघाही तेच समजली. साखरपुडा. आणि एकदा ते समजल्यावर तिच्या कंप्लायन्सवाल्या डोक्यात बाकीचं पटापट जुळत गेलं. तिसरा शनिवार. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलणं. बुकित पंजांगला यायला नकार. शाली नऊ, म्हणजे तिकडची माणसं भरपूर आणि मानपानाची हौस असलेली.

निशिकांतराव पपई घेऊन वर आले तेव्हा ती खुर्चीवर ताठ बसली होती.

"बाबा, बसा. या रोहानाबाई कोण?"

निशिकांतरावांच्या हातून पिशवी निसटली. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे."

ते खाली बसले. गटातलं नाव बाहेर फुटलं, म्हणजे सगळंच फुटलं, असं त्यांना वाटलं. एकोणतीस वर्षं सांभाळलं आणि शेवटी एका यादीनं घात केला.

"माझी हरकत नाहीये," अनघा म्हणाली. तिचा आवाज मात्र हरकत असल्यासारखाच होता. "आईला जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही एकटे आहात, मला कळतं. पण मला सांगायचं तरी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सांगणार होतात का? की परस्पर उरकून मला पेढे धाडणार होतात?"

निशिकांतराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. आणि क्षणभर, खोटं कशाला सांगा, त्यांना वाटलं की हो म्हणून टाकावं. काय सोपं होतं ते. एका नवरीच्या पदराखाली सगळं झाकलं गेलं असतं, शनिवार, फोन, नकार, सगळं. एकाहत्तराव्या वर्षी म्हातारचळ लागला म्हणून मुलगी चार दिवस रागावली असती आणि विसरली असती. रोहानाबाईंच्या नवऱ्याला तेवढं समजावावं लागलं असतं. ते डोळ्यांसमोर येऊन त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"अनू, साखरपुडा नाही गं. सत्कार आहे. नऊ जणांचा. नववा मी."

"कसला सत्कार?"

"जिवंत राहिल्याबद्दलचा."

मग त्यांनी सांगितलं. आधी थांबत थांबत, मग एकदाचं भडाभडा. अनघानं मध्ये तोडलं नाही. संपल्यावर ती ऑफिसात विचारते तसे एकेक प्रश्न विचारू लागली. कधीपासून? आईला माहीत होतं? आईला होता का? शेवटच्या उत्तरावर तिनं श्वास सोडला. मग म्हणाली, "शहाण्णवमध्ये तुम्ही तिकडे इंडोनेशियात, बातामला होतात. प्रोजेक्टवर. सात आठवडे."

"बातामला नव्हतो. इथे नोव्हेनालाच, वॉर्डात होतो. तुझी शाळेची बस रोज खालच्या रस्त्यानं जायची. पावणेसातला. मी खिडकीशी उभा राहायचो."

"मी तुमच्यावर चिडले होते," अनघा म्हणाली. "सात आठवड्यांत एक पोस्टकार्डसुद्धा नाही म्हणून."

"बातामचं पोस्टकार्ड नोव्हेनाला मिळत नव्हतं," ते म्हणाले. तिला हसू येईल असं त्यांना वाटलं होतं. ते आलं नाही.

त्यांनी घाईघाईनं डॉक्टरांचं वाक्य पाठ म्हणून दाखवलं, की औषधामुळे रक्तात विषाणू सापडतच नाही, आणि सापडत नाही तो दुसऱ्याला लागतही नाही. जेवण, टॉवेल, पापे, कशानंच नाही. "गार्गीला माझ्यापासून काही..." एवढं बोलून त्यांना पुढचं बोलवेना. अनघा उठली, डबा ओट्यावर ठेवला, पर्स घेतली आणि "येते" म्हणून निघून गेली. दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी फोन आला नाही. गार्गीचा रोजचा व्हिडिओ कॉलही नाही. निशिकांतरावांनी दिवसभर शालींच्या घड्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. मुलीला दोष द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपण एकोणतीस वर्षं घेतली, तिला एक दिवस द्यायला नको? पण एक दिवस फार लांब असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शनिवारी ते कुर्ता घालून नोव्हेनाला गेले आणि काम चोख केलं. एसी इतका कडक होता की सिंगापुरात प्रथमच कुणाला शालीचा उपयोग झाला. एकेकाचा परिचय निशिकांतरावांनी लिहिला होता, एकता वाचत होती. रोहानाबाईंना फिकट हिरवी खरंच खुलून दिसली. त्यांच्या नवऱ्यानं पहिल्या रांगेतून फोटो काढले. अंकल क्वेक नारळ हातात घेऊन म्हणाले, "बोडस, हा इथेच फोडायचा की घरी न्यायचा?" घरी, असं ठरलं. मग सगळ्यांनी शाल पांघरूनच पेढे खाल्ले.

आठ सत्कार झाले. नवव्याचा परिचयच नव्हता. स्वतःचा लिहायला निशिकांतराव बसले होते, पण 'जन्म सातारा' याच्या पुढे पेन सरकलं नव्हतं.

"माझं राहू दे," ते एकताला हळूच म्हणाले. "शाल दे, फोटो काढ, झालं."

"अंकल, तुमचा परिचय दुसरं कुणीतरी देणार आहे," एकता म्हणाली. "पाच मिनिटांपूर्वी आल्यात. आल्या आल्या माझ्याकडे माइकच मागितला."

खोलीच्या दारात अनघा उभी होती. पत्ता आणि वेळ यादीतच होती. ती वाचून काढणं हा तर तिचा धंदाच. डोळे सुजलेले होते. ती पुढे आली, नववी शाल उचलली, आणि बापाच्या खांद्यावर घातली. दुसऱ्यांना शाल नीट घ्यायला शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

मग ती सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलू लागली. "आमच्यात पद्धत आहे, अशा वेळी म्हणायचं की यांच्या परिचयाची गरज नाही. पण माझ्या वडिलांचा परिचय करून द्यायची गरज आहे. मला स्वतःलाच तो गुरुवारी झाला." ती थांबली, आणि तिनं फोनवर लिहून आणलेलं वाचायला घेतलं. "निशिकांत बोडस. जन्म सातारा, १९५४. जहाजदुरुस्तीत इंजिनियर, छत्तीस वर्षं. १९९६ मध्ये सात आठवडे नोव्हेनाला. रोज सकाळी पावणेसातला खिडकीत उभे. त्यानंतर एकोणतीस वर्षं औषध एकदाही न चुकवता. पत्नी कैलासवासी सुचित्रा, जिला हे सगळं माहीत होतं. एक मुलगी, जिला माहीत नव्हतं आणि आता आहे. एक नात, जी कालपासून विचारतेय की आजोबांचं सामान कधी आणायचं."

शेवटची ओळ तिनं फोनकडे न बघता, मराठीत आणि फक्त त्यांच्याकडे बघून सांगितली.

"सध्या वास्तव्य, मुलीकडे, बुकित पंजांग."