केतकीचं करिअर आणि माझी दाढ

माझ्या भाचीचं करिअर ठरवताना माझी एक दाढ गेली. खालची, उजवीकडची. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

केतकी दहावी पास झाली आणि पुंडलिकनगरात ताईच्या घरी रोज संध्याकाळी बैठक भरू लागली. ताईला मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती, दाजींना इंजिनिअर. दोघं तावातावानं बोलत, आणि ते दमले की कुणीतरी केतकीला विचारी, "तुझं काय म्हणणं?" केतकी म्हणे, "बघू," आणि समोर राहणाऱ्या मैत्रिणीच्या, सनाच्या घरी निघून जाई.

"ॲडमिशन तोंडावर आलीये अन् ही पोरगी दिवसभर तिथंच," ताई मला म्हणाली. "तू मामा आहेस ना? जरा सांग तिला काहीतरी."

सांगण्याच्या बाबतीत मला आग्रह करावा लागत नाही. मी आवक-जावक विभागात आहे. तिथं दिवसभर माझं कुणी ऐकत नाही, त्यामुळं संध्याकाळपर्यंत बरंच साठलेलं असतं. मी केतकीला समोर बसवलं आणि करिअर या विषयाची सुरुवात थेट माझ्या बालपणापासून केली. चहा झाला, पोहे झाले, दाजी बसल्या जागी झोपले.

"पोरांना नुसतं सांगून कळत नसतं ताई," सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो. "दाखवावं लागतं."

माझा शाळेतला दोस्त मुजीब दाताचा डॉक्टर आहे, शहागंजात दवाखाना आहे त्याचा. मी त्याला फोन लावला.

"भाचीला डॉक्टरचं काम जवळून बघायचंय."

"बघू दे की. पण यार, पेशंट तोंड वासून पडलेलं असतंय. त्याच्यासमोर अनोळखी पोरगी कशी उभी करू?"

"मग मीच पडतो खुर्चीत. तू नुसतं तपासल्यासारखं कर."

"नुसतं?"

"नुसतं."

(या 'नुसतं'वर मी विसंबायला नको होतं. दातांच्या डॉक्टरला उघडं तोंड दाखवून 'नुसतं बघ' म्हणणं म्हणजे ताईला साडीच्या दुकानात 'नुसतं बघ' म्हणण्यासारखं आहे.)

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत आडवा झालो. केतकी शेजारी उभी राहिली. मुजीबनं आरसा आत घातला, आणि तपासल्यासारखं करता करता तो खरंच तपासू लागला.

"यार, ही दाढ पूरी सडेली आहे."

"दुखत नाही पण."

"नस मेली, म्हणून दुखत नाही. काढावी तर लागणारच, आज नाही तर उद्या. आज काढू? पोरीला दिसंल तरी कसं काढतात ते."

मला 'उद्या' म्हणायचं होतं. पण वाटेत रिक्षात मी केतकीला 'या पेशात धैर्य लागतं' हे बरंच समजावून सांगितलं होतं. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "काढ."

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं जीभ कुणा दुसऱ्याची आणून ठेवल्यासारखी वाटू लागली. मुजीब म्हणाला, "दुखलं तर हात वर कर," आणि पक्कड हातात घेतली.

नेमकं तेव्हा मला आठवलं, की या पेशात कमरेचा त्रास होतो हा महत्त्वाचा मुद्दा केतकीला सांगायचा राहून गेलाय. मी हात वर केला.

"दुखतंय?"

मी मान हलवून 'नाही' म्हणालो आणि केतकीकडं बोट दाखवलं.

मुजीबला वाटलं, पोरीला चक्कर येतीये. त्यानं तिला धरून स्टुलावर बसवलं आणि बाहेर पेशंटचे नंबर लावणाऱ्या आपांना पाणी आणायला सांगितलं. मी दोन्ही हात जोरजोरात हलवून 'तिला काही झालेलं नाही' असं कळवलं. त्यावरून मुजीबनं ठरवलं, की मलाच इंजेक्शन बाधलं. त्यानं खुर्चीचं बटण दाबलं. माझं डोकं खाली गेलं आणि पाय छताकडं. मी कमरेकडं बोट दाखवलं, तर त्यानं माझा पट्टा सैल केला.

आपा पाणी घेऊन दारातच थबकल्या. त्यांच्या मागून, बाहेर नंबर लावून बसलेले गुलमंडीतले एक कापडवाले आत डोकावले. उलटा टांगलेला, हातपाय झाडणारा आणि पट्टा सुटलेला पेशंट त्यांनी बघितला. "मी नंतर येतो," म्हणून ते निघाले. त्यांच्यामागं बाकीचे पेशंट पण उठले.

"डॉक्टर अंकल," केतकी शांतपणे म्हणाली, "मामांना काही झालेलं नाही. त्यांना फक्त बोलायचंय."

"तुला कसं कळलं?"

"हातावरनं कळतंय की. कंबर म्हणजे कमरेचा काहीतरी मुद्दा राहिलाय."

"मुद्दा?"

"व्हय. त्यांचा नेहमीच राहतो."

मग ती बाहेर गेली आणि दारापर्यंत पोचलेल्या लोकांना समजावून परत बसवून आली. कापडवाल्यांना सुद्धा. पुढं ती माझ्या उशाशी उभी राहिली. मी हात हलवला की ती मुजीबला सांगे, "थोडं थांबा," किंवा "काही नाही, चालू ठेवा." दाढ कधी निघाली ते मला कळलंही नाही.

मुजीबनं तोंडात कापसाचा बोळा कोंबला. "एक तास तोंड उघडायचं नाही. बिलकुल."

रिक्षा गुलमंडीच्या गर्दीत अडकली. केतकीनं दोन-तीनदा माझ्याकडं बघितलं. मी काही बोलत नाही म्हणजे काय करायचं, हे तिला सुचत नसावं. शेवटी तीच बोलू लागली.

सनाची धाकटी बहीण जोया, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं. केतकी दोन वर्षांपासून तिच्याकडून खुणांची भाषा शिकतीये, आणि त्या भाषेत तिला गणित शिकवतीये, हे मात्र माहीत नव्हतं. अपूर्णांक समजला तेव्हा जोयानं घरातल्या सगळ्या पोळ्यांचे तुकडे केले होते म्हणे.

"मला तशा मुलांची टीचर व्हायचंय, मामा. त्याचं वेगळं शिक्षण असतं, मी सगळं विचारून ठेवलंय. आर्ट्स घेतलं तरी चालतं. पण घरी सांगायला लागलं की आई-पप्पा लगेच भांडायला लागतात."

माझ्याकडं बरेच आक्षेप तयार होते. पगार होता, 'लोक काय म्हणतील' होतं. सगळे कापसाच्या अलीकडं अडकले. आणि ती जे सांगत होती ते ऐकता ऐकता त्यातले बरेचसे मलाच फुसके वाटू लागले.

"जोयानं सगळ्यांना हातानं करायची नावं दिलीत," ती म्हणाली. "तुमचं पण आहे." तिनं अंगठा आणि चार बोटं चोचीसारखी धरली आणि भराभर उघडझाप केली. बराच वेळ करत राहिली. नाव लांबलचक असावं.

घरी ताई आणि दाजी दारातच उभे होते.

"काय ठरलं?" ताईनं विचारलं.

मी फ्रीजकडं बोट दाखवलं, मग गालाला हात लावला. मला बर्फ हवा होता.

"मामा म्हणतायत," केतकी म्हणाली, "केतकीला टीचर व्हायचंय, तिचं नीट ऐकून घ्या."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडायची बंदी होती. मी मान डोलावली.

ताई खालीच बसली. भावानं एवढं थोडक्यात काही सांगितल्याचं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं, त्यामुळं त्यात नक्कीच तथ्य असणार असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी केतकी बोलली आणि ते दोघं ऐकत बसले. दाजी आठवडाभर घुश्श्यात होते. मग स्वतःच जाऊन आर्ट्सची ॲडमिशन घेऊन आले.

ही गोष्ट कॉलनीत पसरली. आता लोक आपापली दहावी-बारावीची पोरं घेऊन माझ्याकडं येतात. मी आतल्या खोलीत शर्ट बदलून, मुद्दे जुळवून तयार होत असतो. तेवढ्यात बाहेर बायको त्यांना सांगत असते, "आज नका बसू. परवा या. परवा त्यांची दुसरी दाढ काढायचीये."