आवळलेला फिल्टर

माझं माहेर नांदेडचं, गोदावरीकाठचं. नळ नुसता वळवायचा असतो, पिळायचा नसतो, असं मी समजत होते. लातुरात सासरी आले तेव्हा कळलं, एक थेंब गळला तरी सात पिढ्यांचा उद्धार होतो. ह्यांचा हात लहानपणापासून त्या नळावर तयार झालेला. आमच्या फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याच्या भिंगावरचा काचेचा फिल्टरही हे त्याच हाताने आवळत. वर आट्यांना खोबरेल तेल चोपडत. तेलावर लातूरची धूळ बसली की त्याचा पार गिलावा व्हायचा.

जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कचेऱ्यांना खुर्च्यांआधी पाट्या आल्या आणि पाट्यांचे फोटो काढायला आमचे हे. कचेरीच्या साहेबांना पाटीमागे झोकदार आभाळ हवं होतं, म्हणून ह्यांनी नारिंगी फिल्टर लावला. काळ्यापांढऱ्या फोटोत त्याने आभाळ गडद होतं आणि ढगाची पुसट पिंजही उठून दिसते. पाटी झकास आली. फिल्टर मात्र बसला तो बसलाच, काही केल्या निघेना.

त्याच आठवड्यात चाकूरकडच्या एका गावचे सरपंच आले. गावाला टँकर हवा होता आणि कचेरीला कोरड्या विहिरीचा फोटो. "विहिरीला फिल्टरनं काय फरक पडतो?" म्हणत हे तो फिल्टर तसाच ठेवून गेले.

साहेब कोकणातून बदलून आलेले. ढग म्हणजे पाऊस, एवढंच त्यांना ठाऊक. फोटो पाहून म्हणाले, "आभाळ तर भरून आलंय. टँकर कशाला? थांबा थोडं."

माझं डोकंच फिरलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी फिल्टरभोवती गुंडाळली आणि तळहात सपाट ठेवून, न दाबता फिरवला. चिमटीत दाबला की कडं वाकून आणखीच रुततं. सुटल्यावर आटे पुसले, कोरड्या ब्रशने झाडले, पेन्सिलीचं शिसं फिरवलं आणि ह्यांना बजावलं, "अहो, टेकला की थांबायचं. हा नळ नाही."

दुसऱ्या खेपेला मीही गेले. पहिल्या फोटोतलीच बाई तीच रिकामी घागर घेऊन पुन्हा विहिरीवर उभी राहिली.

"मागल्या फोटूत काय कमी पडलं व्हतं, ताई?"

"ढग जास्त आले होते."

तिनं वर पाहिलं. "आमाला तर एक बी दिसला न्हाई."



नव्या फोटोत आभाळ कोरं, पांढरंफटक आलं. साहेबांनी तो नीट निरखला, टँकरसाठी सही केली आणि समाधानाने म्हणाले, "हां, आता पडला दुष्काळ."