पेन्सिलीची हजेरी

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाची सरकारी यंत्रणा दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आमच्याशी बोलते. म्हैसूरच्या जिल्हा कार्यालयातल्या सभागृहात पडदा सोडला जातो, राज्य कार्यालयातला चेहरा त्यावर उमटतो आणि तालुक्यांहून आलेले अधिकारी वह्या उघडतात. या बैठकीला सगळे 'अपडेट' म्हणतात. पंधरवड्यात काय बदलले ते तिथे कळते: कोणता नमुना रद्द झाला, कोणते प्रमाणपत्र आता ऑनलाइन भरायचे, कोणते मूल कोणत्या रकान्यात मोजायचे. जिल्ह्याची तांत्रिक समन्वयक म्हणून मी पडद्याच्या उजव्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसते.

जीवभौतिकीत एम.एस्सी. करून मी पुण्याहून इथे आले ती श्रवणदोषांवरच्या एका संशोधन प्रकल्पासाठी. प्रकल्प संपला आणि ही कंत्राटी जागा निघाली. प्रयोगशाळेत दिवसाला चार-सहा मुलांचे कान तपासून होतात. इथे एक नीट आखलेला तक्ता जिल्हाभरातल्या मुलांपर्यंत मदत पोहोचवू शकेल, असे माझे गणित होते. दोन वर्षांत राज्य कक्षात, म्हणजे राज्य कार्यालयातच, जायचे, हा त्याच गणिताचा दुसरा भाग. तो मी कोणापासून लपवला नाही.

राज्य कार्यालयातल्या आमच्या वरिष्ठ मूळच्या बेळगावच्या. पहिल्या अपडेटनंतर त्यांनी फोन करून मला मराठीत विचारले, जेवलीस का. कार्यालयात असे विचारणारे तोवर कोणी नव्हते. पुढे फोन वाढले. त्या माझे तक्ते बारकाईने पाहत, प्रश्न विचारत, कधी एखादे सूत्र चुकले तर हसून दाखवून देत. माझ्या कामाची प्रत कळणारे माणूस भेटले की मी फार लवकर विश्वास टाकते. हा दोष मला तेव्हा माहीत नव्हता.

माझ्याशी मराठी बोलणारी दुसरी व्यक्ती जिल्ह्यातल्याच बेट्टदपुरच्या अलीकडल्या एका गावातली. तिथल्या सरकारी शाळेत विशेष मुलांसाठी एक संसाधन खोली होती आणि ती एकटीने चालवणारी शिक्षिका माझ्याहून वीस वर्षांनी मोठी होती. मी तिला अक्का म्हणायची. अक्काचे घर म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात. पूर्वज राजाच्या फौजेत शिपाई, घरात अजून मराठी, पण दर तिसरा शब्द कानडी. आठवडाभर ती गावात खोली घेऊन राहायची. पहिल्या भेटीत तिने माझे मराठी ऐकले आणि म्हणाली, "तुझं मराठी पुस्तकासारखं, माझं चित्रान्नासारखं, सगळं कालवलेलं. पोट दोन्हींनी भरतं, अल्वा?"

खोलीत अकरा मुले होती. त्यातल्या एका मुलीचे स्नायू जन्मापासून ताठ होते. आठ वर्षांची झाली तरी ती एकटी उभी राहिली नव्हती. अक्काने शाळेच्या जमिनीत सिमेंटने दोन समांतर दांडे बसवून घेतले होते आणि त्यांना धरून ती मुलगी पाच पावले टाकू लागली होती. तिची आई तिला कडेवर घेऊन दीड किलोमीटर चालत यायची. ही खोली बंद पडली तर पुढची सोय तालुक्याच्या केंद्रात, दोन बस बदलून. आणि त्या बसच्या पायऱ्या एवढ्या उंच, की आठ वर्षांच्या मुलीला उचलून रोज चढणे शक्य नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. नंतर जे झाले ते मला माहीत नसल्यामुळे झाले, असे म्हणण्याची सोय मला नाही.

अक्काचा हजेरीपट पाहिला तेव्हा मी चकित झाले. सगळा महिना पेन्सिलीने भरलेला. तालुक्यातल्या इतर विशेष शिक्षिकांचे पटही तसेच. मला ती सरळ लबाडी वाटली. अक्काने कारण शांतपणे सांगितले. मूल खोलीवर येऊ शकले नाही तर ती त्याच्या घरी जाऊन शिकवत असे. मग ते मूल त्या दिवशी हजर की गैरहजर? एका अपडेटमध्ये उत्तर आले, हजर. पुढच्या अपडेटमध्ये आले, गृहाधारित शिक्षणाच्या वेगळ्या यादीत. त्याच्या पुढच्यात, गैरहजर. शाईने भरलेल्या पानावर खाडाखोड केली की प्रत्येक खुणेचा लेखी खुलासा द्यावा लागे. म्हणून महिनाभर पेन्सिल, शेवटचे अपडेट ऐकले की खोडरबर आणि मग शाई.

मी तिला मोजमापाची शिस्त समजावली. निरीक्षण झाले की त्याच क्षणी नोंदवायचे, नंतर सोयीने बदलायचे नाही. नोंद बदलली की विज्ञान संपते. हे सगळे खरे आहे. ज्या मोजपट्टीच्या खुणा दर पंधरवड्याला हलतात तिच्यापासून पेन्सिल मुलांचे रक्षण करत होती, हेही तेवढेच खरे होते. पण ते कळण्याइतकी मी तेव्हा हुशार नव्हते.

मी नवा तक्ता तयार केला. खोलीवर आलेले, घरी जाऊन शिकवलेले, कोणत्याच प्रकारे न शिकवलेले आणि त्यामागची कारणे, असे स्वतंत्र रकाने. तीनही प्रकार वेगळे दिसले तर कोणतीही व्याख्या आली तरी बदल करावा लागणार नाही, हा माझा युक्तिवाद. वरिष्ठांना तो फार आवडला. मी त्यांना स्पष्ट विचारले होते, की खोलीवरची उपस्थिती कमी दिसेल, त्याचा कोणाला त्रास होणार नाही ना. त्या म्हणाल्या, "खरा आकडा दे. खऱ्या आकड्यामुळे एकही खोली बंद होणार नाही. तू हे माझ्या वतीने सांग."

तालुक्याच्या केंद्रात शनिवारी प्रशिक्षण झाले. मी ते वाक्य मोडक्या कानडीत, पण जसेच्या तसे सांगितले. शिक्षिका एकमेकींकडे पाहू लागल्या. मागच्या बाकावरून अक्काने विचारले, "हे कुणी लिहून दिलंय का?"

मला ते लागले. मी म्हणाले, "मी सांगते आहे ना, अक्का."

"आयतु, ठीक. तू सांगतेस म्हणून," ती म्हणाली आणि तिने पिशवीतून शाईचे पेन काढले. तिने काढले म्हणून बाकीच्यांनी काढले.

तीन महिने सगळा तालुका शाईने भरला गेला. त्या आकड्यांत अक्काची खोली अर्धी रिकामी दिसत होती आणि शेजारच्या रकान्यात तिच्या गृहभेटी उभ्या होत्या, इतक्या की ती जेवते कधी असा प्रश्न पडावा. मला त्या तक्त्याचा अभिमान वाटे.

चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी पडद्यावर माझा आलेख आला. निळा रंग माझा, अक्षांची मांडणी माझी. वरिष्ठ म्हणाल्या, म्हैसूर जिल्ह्याने राज्याला प्रामाणिक नोंदीचा आदर्श घालून दिला आहे. आमच्या सभागृहात टाळ्या वाजल्या; मीही हसले असेन. मग पुढचे पान आले. रोजची सरासरी उपस्थिती कमी असलेल्या संसाधन खोल्या तालुका केंद्रांत विलीन होणार. आलेखात एकच रकाना उरला होता, खोलीवर आलेल्यांचा. गृहभेटी नव्हत्या. कारणे नव्हती. यादीत चौथ्या क्रमांकावर अक्काची खोली होती.

चूक झाली असेल, हे माझे पहिले गृहीतक. कोणी घाईत रकाने गाळले असतील. गृहीतक तपासायचे असते, म्हणून मी राज्य कार्यालयाबरोबरची सामायिक फाइल उघडली. तिच्यात कोणी, कधी, काय बदलले याचा इतिहास राहतो. गृहभेटींचा रकाना वरिष्ठांच्या खात्यातून, आमचे आकडे पोहोचले त्याच दिवशी लपवला गेला होता. त्याच फाइलला 'विलीनीकरण' नावाचे एक पान जोडलेले होते, आता कोरे. पण ते तयार झाले होते मला दिलेल्या आश्वासनाच्या आठवडाभर आधी. मी वेळा दोनदा वहीत उतरवून पाहिल्या. वाक्य उच्चारले गेले तेव्हा ते खोटे आहे हे उच्चारणाऱ्याला ठाऊक होते. दुसरा निष्कर्ष निघत नव्हता.

फोन केला. त्यांनी नाकारले नाही, हेच मला अजून खुपते. निर्णय वरून ठरला होता, त्यांना फक्त आधार हवा होता, आणि पेन्सिलीच्या पटांवर कोणताही निर्णय टिकला नसता, असे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले. गृहभेटींचा रकाना गोंधळ वाढवत होता. मी म्हणाले, त्या रकान्यात मुले होती. त्या म्हणाल्या, "राज्य कक्षासाठी मी तुझं नाव सुचवलंय. सोमवारी यादी जाते. आता भावनेच्या भरात काही लिहून बसू नकोस."

शनिवारी मी बेट्टदपुरची बस धरली. अक्काला सगळे सांगितले, फाइलमधल्या वेळांसकट. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. तो राग घ्यायची तयारी करून मी गेले होते. ती कपाटातली खेळणी खोक्यात भरत होती. भरता भरता म्हणाली, "त्या बाईला मी ओळखत नाही. तिच्यावर माझा राग कशाला? मी तुझ्या सांगण्यावरून पेन काढलं."

बाहेर व्हरांड्यात पालक जमले होते. ते खोली बंद करू नये असा अर्ज करणार होते. अक्काने सांगितले, नुसत्या विनंतीला वर कोणी उत्तर देत नाही. पण आकडे मागताना असे आश्वासन दिले गेले होते हे कोणी सहीनिशी लिहून दिले, तर अर्ज बाजूला टाकता येणार नाही. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिथे दुसरे कोणी हे लिहून देऊ शकत नव्हते.

सोमवारची यादी माझ्या डोक्यात होती, हे मी मान्य करते. शाळेच्या नळावर जाऊन मी पाणी प्यायले, बराच वेळ लावून. परत आले आणि लिहायला बसले. माझे कानडी कच्चे, म्हणून मी मराठीत सांगत गेले आणि अक्का कानडीत उतरवत गेली. राज्य कार्यालयाने आश्वासन दिले होते, रकाना लपवला होता, विलीनीकरणाचे पान आश्वासनाआधीच तयार होते. तारखा, वेळा. मी थांबले.

"संपलं?" अक्काने विचारले.

"संपलं."

"सुम्ने, उगाच अर्धं लिहू नकोस. तू तालुक्यात येऊन आम्हाला शब्द दिलास, ते कुठाय?"

मी ते सांगितले. तिने लिहिले. मी सही केली.

त्याला आता चार महिने होतात. अर्ज 'विचाराधीन' आहे, खोलीला कुलूप आहे, राज्य कक्षात दुसरी मुलगी गेली. वरिष्ठ अपडेटमध्ये मला आता पदनामाने हाक मारतात.

मी सही केली त्या दुपारी व्हरांड्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हते, म्हणून त्या ताठ पायांच्या मुलीच्या आईने कागद मोठ्याने वाचायला घेतला. मुलगी तिच्या मांडीवर होती. मी खांबाला टेकून उभी होते. मला कानडी नीट बोलता येत नसले तरी ऐकलेले कळते. माझ्याबद्दलचे वाक्य येणार हे मला ठाऊक होते आणि ते आले. तिने ते इतर वाक्यांच्याच आवाजात, त्याच गतीने वाचले. एका वयस्क गृहस्थांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. तिने पुन्हा वाचले, कागद गुडघ्यावर सपाट केला आणि अर्जावर सही करण्यासाठी कोणाकडे पेन आहे का, असे विचारले.