अप्पांची नक्कल

आमचे अप्पा म्हणजे नन्नाचा पाढा. नवं बी? नाही. फवारणी? नाही. डोळे तपासून घ्या म्हटलं तर, "दिसतंय तेवढं पुरे आहे." आई म्हणायची, "यांना कुणी स्वर्गात न्यायला आलं तरी वाट चुकीची आहे म्हणून भांडतील." पण भांडण झालं की चहाचं आधण अप्पाच ठेवायचे. आई गेली तरी दोन्ही चालूच होतं.

धाकटा भाऊ त्यांच्याशी भांडूनच विद्यापीठात गेला. विषय काय, तर शेतीच्या सरकारी सेवा लोकांपर्यंत कशा पोचवायच्या. नवी माहिती शेतकऱ्याच्या गळी कशी उतरवायची, हे म्हणे वर्गात बसून शिकायचं! अप्पा म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून बोलायचं. त्याला कॉलेज कशाला लागतं?" तरी तो निघाला तेव्हा त्याची ट्रंक त्यांनीच उचलून बसमध्ये चढवली.

त्या वर्गात एक सराव असतो. एकजण सरकारी अधिकारी होतो, दुसरा हट्टी शेतकरी. अधिकाऱ्याने न चिडता त्याला समजवायचं. हट्टी शेतकरी व्हावा तर आमच्या धाकट्यानेच! त्याच्यापुढे भलेभले रडकुंडीला यायचे. त्याला वेगळं सोंग शिकावं लागलं नाही, जन्मभर घरात पाहिलं होतं.

वर्षाच्या शेवटी हाच सराव पालकांना दाखवायचा होता. अप्पांचं उत्तर ठरलेलं, येणार नाही. पण त्या दिवशी सकाळी बघते तर इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "चल, बघू तरी काय दिवे लावतोय." धाकट्याला याचा पत्ताच नव्हता. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

धाकटा मंचावर आला, हात पाठीमागे, मान तिरकी. समोरच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "बी द्यायला आलास की बुद्धी?" लोक हसून लोटपोट. अप्पाही हसले. मला कोपर मारून म्हणाले, "काय खट म्हातारा आहे गं! असल्याला कोण समजवणार?" आता उठवून बाहेर न्यावं, तर कसं न्यावं? तेवढ्यात धाकटा गुडघ्यावर थाप मारून खाकरला आणि म्हणाला, "बायको सांगून सांगून मेली, तिचं ऐकलं नाही. तुझं ऐकू?"

आई गेल्यावर अप्पा हे खरंच म्हणायचे, स्वतःवरच चिडून. त्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा झाला. अप्पांचं हसू मात्र तिथेच थांबलं.

नंतर धाकट्याने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "छान केलंस. अगदी हुबेहूब."

त्यानंतर पाढा बंद झाला. धाकटा पदवी घेऊन नोकरीला लागला. घरी आला की काही सुचवायचा. अप्पा म्हणायचे, "तू सांगशील तसं." आधी मेल्याला आनंद झाला, बाप सुधारला म्हणून! मग भीती वाटायला लागली. त्याने माफी मागितली. अप्पा म्हणाले, "अरे, कसली माफी? खरं तेच केलंस." एकदा मुद्दाम वेड्यासारखं म्हणाला, "अप्पा, उभं पीक उपटून टाकू या." अप्पा मुकाट उठले आणि शेताकडे निघाले. धाकटा मागे धावला, त्यांना धरून ओरडला, "अहो, भांडा ना माझ्याशी!" अप्पांनी त्याचे डोळे पुसले आणि घरी आले.

पुढे अप्पांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन अवघड आहे, तुमचं तुम्ही ठरवा. अप्पांनी धाकट्याकडे बोट दाखवलं. "हा सांगेल तसं." तो बाहेर गेल्यावर मी खडसावूनच विचारलं, "तुम्हाला काय हवंय ते बोला." ते हळूच म्हणाले, "मला नको गं कापाकापी. घरी ने. पण त्याला सांगू नकोस. परत म्हणेल, म्हातारा ऐकत नाही."

मी सांगितलंच. सांगणार नाही तर काय करणार? धाकटा आत जाऊन त्यांच्या पायाशी बसला. "अप्पा, मला शिव्या घाला, पण नको म्हणा. एकदा माझ्या तोंडावर म्हणा." अप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू शिकलेला आहेस बाळा. तू सांगशील तसं."

शेवटी डॉक्टरांना 'नको' धाकट्यानेच सांगितलं.

अप्पा घरीच गेले, झोपेत. भेटायला आलेल्यांत कुजबुज सुरू झाली, एवढा शिकलेला मुलगा आणि बापाचं ऑपरेशन केलं नाही. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच धाकट्याने माझा हात घट्ट धरला.

"लोकांचं जाऊ दे ताई. अप्पांनी मला शेवटपर्यंत काही ऐकवलं नाही गं," म्हणाला, आणि तिथेच सगळ्यांसमोर रडायला लागला.