मला राजपुत्र आवडला नाही

"हे तुला कुणी लिहून दिलं?"

बाईंनी माइकवरून विचारलं. माइक बंद करायचं त्यांना सुचलं नाही की त्यांनी तो मुद्दाम चालू ठेवला, ते मला आजही ठरवता येत नाही. समोर सतरंजीवर पोरं. त्यांच्या मागे खुर्च्यांवर त्यांचे आईबाप. आणि स्टेजवर मी. सहावीतली. तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या आणि अंगात शाळेचाच गणवेश, कारण दुसरा बरा फ्रॉक नव्हता.

"मीच लिहिलं," मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. हे तुझ्या वयाचं लिहिणं नाही. वडिलांनी सांगितलं का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मागे दाराशी बाबा उभे होते. ते एसटीत कंडक्टर, वज्रेश्वरीच्या गाडीवर. ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच तडक आले होते, कारण कार्यक्रमात कदाचित मला स्टेजवर बोलावतील असं मीच त्यांना सकाळी सांगून ठेवलं होतं. काही खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभे होते. बाबांनी मान हलवली. नाही म्हणाले की हो म्हणाले, कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसेल.

गोष्ट भिवंडीतली, ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची. एक बालवाचनालय होतं. नाव सांगत नाही, नावाने काही बदलणार नाही. बाई ते चालवायच्या, एका शाळेच्या मागच्या खोलीत. दर रविवारी सकाळी उघडायचं. मी तिथे जायला लागले तेव्हा बाई मला पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "हळू बोल. इथे लूम नाहीत." आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम होते. दिवसभर खडखडाट. आई तिथेच सुताच्या कांड्या भरायला जायची आणि घरी आली की केसांत कापूस घेऊन यायची. आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. पण मी हळू बोलायला शिकले. पुस्तकासाठी मी काहीही शिकले असते.

त्या वाचनालयात एक रीत होती. पुस्तक परत करताना अभिप्राय लिहायचा, चार-पाच ओळी. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची एक मोठी वही होती. प्रत्येक पुस्तकाला त्यात पानं वाटून दिलेली. खाली नाव नाही लिहायचं, सभासद क्रमांक आणि इयत्ता. अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नसे. आणि वर्षातून एकदा कार्यक्रम. पाहुणे यायचे, वही चाळून एक चांगला अभिप्राय निवडायचे आणि वाचून दाखवायचे.

सगळ्यांत जास्त पानं एका पुस्तकाला होती. जुनं, गाजलेलं. बाईंनी ते लहानपणी वाचलेलं, त्यांच्या आईनेसुद्धा. राजाच्या नगरातला झरा आटतो. राजपुत्र लाकडी गरुडावर बसून सात डोंगरांपलीकडे राक्षसांच्या मुलखात जातो. तिथला झरा जिंकतो आणि नगरात पाणी आणतो. पुस्तकाचा कणा उसवलेला होता. आपली पाळी येईपर्यंत महिना जायचा.

मी ते वाचलं. लगेच पुन्हा वाचलं. कांड्यांच्या टोपल्यावर बसून, लूमच्या आवाजात वाचलं. त्या गरुडावर मीच बसले होते. खोटं का बोलू? मला ते पुस्तक फार आवडलं होतं. म्हणून तर मी वही उघडून आधी इतरांचे अभिप्राय वाचले. वाटलं, माझ्यासारखं कुणाला वाटलंय का बघावं.

'राजपुत्र खूप शूर आहे. मलाही त्याच्यासारखे व्हायचे आहे.' 'राक्षसीण किती घाणेरडी असते! मला खूप हसू आले.' 'राक्षसांची वस्ती पेटते तो भाग मी चार वेळा वाचला.' 'प्रत्येक मुलाने वाचावे असे पुस्तक.' पानामागून पान हेच. एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलेलं. मग मी पेन घेतलं आणि लिहिलं:

'मला लाकडी गरुड सर्वांत आवडला. पण झरा राक्षसांच्या गावात होता, मग तो त्यांचाच ना? राजपुत्राने मागून का नाही घेतला? एक म्हातारी राक्षसीण त्याला पाणी देते. त्याला तहान लागलेली असते तरी तो ओंजळ मागे घेतो. नंतर तिचीच झोपडी जाळतात. तिचे काय चुकले? मला राजपुत्र आवडला नाही.'

एवढंच. सहावीतल्या पोरीच्या मनात आलेलं.

कार्यक्रमाला ठाण्याहून एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. भाषणं चालू असताना ते वही चाळत बसले. त्यांना माझा अभिप्राय सापडला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. सावकाश, छान वाचला. "वा! हा खरा वाचक. कोण आहे? पुढे ये बरं." मी पळत स्टेजवर गेले. त्या वेळची मी मला अजून आठवते. आयुष्यात इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते.

मग बाईंनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या पुढे आल्या, माइक हातात घेतला आणि तो प्रश्न विचारला. मी मीच, मीच म्हणत राहिले. शेवटी त्या पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "काय करायचं सर? या लोकांना आता गोष्टीतसुद्धा जात दिसायला लागली आहे."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. "बरं, बरं. लहान आहे," म्हणाले आणि वही मिटून खाली बसले. तो माणूस एक वाक्य बोलला असता तर! त्याने पुढ्यातला चहा घेतला.

बाईंनी लाल पेनने माझ्या ओळी खोडल्या. एकेक ओळ, अक्षर दिसणार नाही अशी. मग खाली बोट ठेवलं. "लिही. मी सांगते तसं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला सांगितलं. मी लिहिलं. 'पुस्तक फार छान आहे. राजपुत्र शूर आहे. राक्षसांची वस्ती जळाली हे फार बरे झाले.' खाली क्रमांक, इयत्ता. "आता वाच माइकवर." मी वाचलं.

टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत बाबा होते.

घरी येताना बाबा एकच बोलले. "वाकडं कशाला लिहायचं? छान आहे म्हणावं न् मोकळं व्हावं." माझ्या डोक्यात बाईंचं वाक्य अडकलं होतं. मी जात कुठे लिहिली होती? शब्द न् शब्द आठवून पाहिला. कुठेच नव्हती. मग बाईंना कुठे दिसली?

पुढच्या रविवारी मी ते पुस्तक पुन्हा मागितलं. शिक्षा झालेली पोरगी तेच पुस्तक मागते म्हणून बाईंना बरं वाटलं असावं. दिलं. या वेळी मी राजपुत्र वाचलाच नाही. फक्त राक्षस वाचले. वस्ती वेशीबाहेर. रंगाने काळे. मेलेलं जनावर ओढून नेतात, त्यावर जगतात. डफ वाजवतात. त्यांनी शिवलेलं पाणी राजपुत्राला चालत नाही.

आमच्याकडे तेव्हा गणेशपुरीकडची आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, भाताच्या शेतावर मजुरी करणारी. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिला ती पानं वाचून दाखवली आणि विचारलं, "आत्या, असे राक्षस असतात?"

आत्या म्हणाली, "राक्षस कसले, पोरी? आमीच हाव ते. तुझा आजा मेलेला ढोर वढायचा. दुसरा काम देत व्हतं कोन? दीक्षा घेतली न् सोडला. मंग गावान पानी बंद केला आमचा. कुनी लिवलाय ह्यो?"

लिहिणाऱ्याचं नाव मी वाचलं. आत्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी मला सगळं कळलं. मी ते राक्षस ओळखले नव्हते. बाईंनी ओळखले होते. लहानपणापासून त्यांना ठाऊक होतं ते कोण आहेत, आणि तरीही ते पुस्तक त्या आम्हाला वाचायला देत होत्या, वर आमच्याकडूनच छान म्हणवून घेत होत्या. माझा आजा, आत्या, सगळ्यांची घरं जळाली हे फार बरं झालं, असं मी माइकवर वाचून दाखवलं होतं. स्वतःच्या तोंडाने!

पण मी काही लगेच वाघीण झाले नाही. उलट घाबरले. पुढची कितीतरी वर्षं मला कुणी काहीही विचारलं की मी म्हणायचे, छान आहे. शाळेत कविता कशी वाटली? छान आहे. कॉलेजात व्याख्यान कसं झालं? छान झालं. मैत्रिणी म्हणायच्या, ही फार गोड आहे, कुणाला दुखवत नाही. बी.ए. झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि सरकारी कचेरीत टंकलेखक लागले. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेलं टाइप करायचं. मला ते काम बरं वाटायचं, कारण मत कुणी विचारत नव्हतं.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. दुपारच्या सुट्टीनंतर बाई कचेरीत आल्या. केस पांढरे झालेले. सोबत त्यांचा मुलगा, तो आता वाचनालयाचा चिटणीस. मला बघून बाईंनी दोन्ही हात धरले. "किती मोठी झालीस गं! आमच्या वाचनालयातली मुलगी सरकारी नोकरीत. किती अभिमान वाटतो." मी खुर्ची दिली. चहा सांगितला. सवय वाईट असते.

वाचनालयाची स्मरणिका निघणार होती. त्यात चार पानं त्या एका पुस्तकाला. आजवरच्या बालवाचकांचे निवडक अभिप्राय. मुलाने छापील कच्ची पानं माझ्यासमोर ठेवली. इतर मुलांची नुसती पहिली नावं. माझं मात्र पूर्ण, आडनावासकट, सभासदांच्या यादीतून शोधून काढलेलं. वर ठळक अक्षरांत ओळ: 'समाजाच्या सर्व थरांतील मुलांनी या पुस्तकावर प्रेम केले.' आणि माझ्या नावासमोर, 'राक्षसांची वस्ती जळाली हे फार बरे झाले.'

"फक्त एक पासपोर्ट फोटो हवाय," बाई म्हणाल्या.

मी ते वाक्य वाचलं. इतका राग माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, असं काय करतेस? तुझंच अक्षर आहे. वही दाखवू?"

"दाखवा. वर लाल पेनने काय खोडलंय तेही दाखवा."

बाईंना आठवत होतं. सगळं आठवत होतं. मग हसून म्हणाल्या, "इतक्या वर्षांचं काय धरून बसलीस? परीकथा गं ती. राक्षस म्हणजे राक्षस. त्यात तुम्ही स्वतःला कशाला बघता?"

"मी नव्हतं बघितलं बाई. तुम्ही दाखवलंत."

मोठ्याने बोलले. लूमशेजारच्या घरात बोलतात तितक्या मोठ्याने. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. बघू देत. मी मशीनमध्ये कागद घातला, दोन कार्बन लावले आणि टाइप केलं. माझ्या नावे छापण्यात येणारा मजकूर माझा नाही, तो माझ्याकडून सर्वांसमोर दबावाने लिहून घेतला होता. माझा खरा अभिप्राय खालीलप्रमाणे. आणि सहावीतल्या पोरीचे ते शब्द, एकही न बदलता. छापायचा तर हा छापावा, नाहीतर माझं नाव गाळावं. खाली सही, तारीख.

मूळ प्रत त्यांच्यापुढे ठेवली. कार्बन प्रत पुढे सरकवली. "पोच द्या."

"म्हणजे?"

"मिळालं म्हणून सही. कचेरीत कागद दिला की पोच घ्यावी लागते. नंतर मिळालाच नाही म्हणतात लोक."

बाईंनी सही केली नाही. मुलाने केली, मान खाली घालून. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी ती प्रत मी बाबांना दाखवली. ते रिटायर झाले होते. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, "मीपण टाळ्या वाजवल्या होत्या तेव्हा."

"हो," मी म्हणाले. "वाजवल्या होत्या."

त्यांना बरं वाटावं असं काही मी बोलले नाही.

स्मरणिका निघाली. माझं नाव नाही, माझा अभिप्राय नाही. ती चार पानं मात्र आहेत. राजपुत्र शूर आहे, वस्ती पेटते तो भाग मस्त आहे. सर्व थरांची ओळही तशीच आहे, नुसतं माझं नाव काढलंय, बाकी सगळं तेच. आणि पुस्तक अजून कपाटात आहे. त्याचा कणा नव्याने बांधून घेतलाय म्हणे. आमच्या गल्लीतल्या पोरी रविवारी तिथे जातात.

ते पुस्तक जाळा असं मी म्हणत नाही. जाळणं त्या राजपुत्राचं काम. पोरींनी ते वाचावं, गरुडावर बसावं, आणि मग वाटेल ते लिहावं. प्रश्न एवढाच आहे की लाल पेन कुणाच्या हातात आहे. म्हणून मी मोठ्यांच्या वर्गणीची सभासद झाले. नियमावली मागून घेतली, घरी नेऊन टाइप केली आणि पाठ केली. त्यात लिहिलंय की सभासदाला कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभं राहता येतं. आजवर आमच्या वस्तीतून कुणी उभं राहिलेलं नाही. मी अर्ज भरलाय. चिटणिसाच्या जागेसाठी भरलाय, कारण वही चिटणिसाच्या ताब्यात असते. मी पडणार हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी पुन्हा भरीन, त्याच्या पुढच्या वेळीही भरीन. एकाही दारात हात जोडून उभी राहणार नाही, आणि ती जागा घेतल्याशिवाय थांबणार नाही.